सक्शनवरचं बोट

"रूथ, ही आज फार ओढतेय," मॅडम म्हणाल्या. मायक्रोस्कोपवरून त्यांनी डोळे काढले नव्हते.

"दुरुस्त करून आणलीय मॅडम," मी म्हटलं. मास्कच्या आत मी हसतही होते, हे कबूल करते. नळीची तारीफ म्हणजे माझीच तारीफ, अशी माझी समजूत झाली होती.

टेबलावर ताराक्का खोत होत्या. वय छत्तीस, गाव कोल्हापूरपासून तासाभरावर, घरी दोन म्हशी. सकाळी सात वाजता कडबाकुट्टीत वैरण घालताना त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा मुळापासून तुटला होता. त्यांच्या दिरानं शहाणपणा केला. अंगठा ओल्या फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घातला, डेअरीतून बर्फ मागून घेतला आणि पिशवी त्या बर्फावर ठेवून दुधाच्या किटलीतून आमच्याकडे आणली. साडेनऊला बाई हॉस्पिटलात होत्या आणि साडेदहाला थिएटरमध्ये. भूल द्यायच्या आधी त्यांनी मॅडमना एवढंच सांगितलं होतं, "अंगठा न्हाई तर धार न्हाई, बाई. माझ्या म्हशी दुसऱ्या कुनाला हात लावू देत न्हाईत." नवरा पाच वर्षांपूर्वी वारलेला, दोन पोरी शाळेत. घर दुधावर चालायचं. त्या अंगठ्यावर काय काय उभं होतं ते वेगळं सांगायला नको.

आमच्या मॅडम म्हणजे डॉक्टर शरयू बेनाडीकर. अंगानं लहानखुऱ्या, बोलायला कमी, आणि चूक दिसली की नुसत्या बघायच्या. त्या बघण्याला अख्खं हॉस्पिटल घाबरत असे. मीही घाबरायची. पण थिएटरची सिस्टर म्हणून दहा वर्षं त्यांच्या टेबलाला उभी राहिल्यामुळे माझं घाबरणं इतरांपेक्षा जरा वरच्या दर्जाचं आहे, असं मला वाटायचं.

आता या नळीचं सांगायला हवं. तुटलेलं बोट जोडायचं म्हणजे हाड बसवायचं, स्नायूंच्या दोऱ्या जोडायच्या आणि शेवटी रक्त आणणारी नि रक्त परत नेणारी अशा दोन्ही शिरा शिवायच्या. या शिरा शेवयांएवढ्या बारीक, आणि त्यांची भिंत कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ. काम चालू असताना तिथं सारखं रक्त साचतं, आणि साचलेल्या रक्तात काहीच दिसत नाही. ते हलकेच ओढून घ्यायला एक बारीक सक्शनची नळी लागते. दाभणाएवढी जाड, टोकाला त्याहून निमुळती, थोडीशी वाकवलेली. आणि हातात धरायच्या जागी तिला एक भोक असतं, ज्वारीच्या दाण्याएवढं. त्या भोकावर बोट दाबलं की सगळी ओढ टोकाशी जाते. बोट उचललं की भोकातून हवा आत शिरते आणि टोकाची ओढ मंदावते. शिरेजवळ गेलं की बोट उचलायचं, लांब आलं की दाबायचं. एवढंच त्याचं शास्त्र. पण हे भोक नसेल तर ती नळी जे समोर येईल ते गिळत सुटते.

आमच्याकडे एवढी बारीक नळी एकच होती. मॅडमनी परदेशात शिकत असताना ती स्वतःसाठी घेतली होती. आठवडाभरापूर्वी तिचा पुढचा भाग मुठीच्या सांध्यात खिळखिळा झाला. दुसरी मागवायची तर तीन-चार महिने. मॅडमना सांगितलं असतं तर त्यांनी ती कपाटात ठेवली असती आणि कुणालाच हात लावू दिला नसता. तेव्हा मी अंगात आल्यासारखी ती पर्समध्ये घातली आणि सुट्टीच्या दिवशी हुपरीला गेले. माझे वडील तिथल्या शाळेत मास्तर होते. शेजारचे चांदीचे कारागीर भरमूअण्णा कड्या जोडताना बघत मी लहानाची मोठी झाले. पैंजणाची कडी ते अशी झाळून देत की जोड कुठं आहे ते शोधून सापडू नये. त्यांच्या हातात नळी ठेवली आणि म्हटलं, "अण्णा, हिचं सगळं नीट करा. भारी वस्तू आहे." आणि शेजारच्या घरी चहाला गेले.

अण्णांनी सगळं नीट केलं. सांधा असा बसवला की नवीन नळीचाही तसा नसेल. मी ती तशीच कापडात गुंडाळून आणली, निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्हला लावली. त्या दिवशी ताराक्कांची केस आली तेव्हा ती पहिल्यांदा टेबलावर आली.

केस सुरू व्हायच्या आधी सिस्टरनं सक्शन सलाईनच्या वाटीत बुडवून बघायचं, अशी आमच्यात पद्धत आहे. पाणी नीट ओढलं की पास. त्या दिवशी नळीनं अर्धी वाटी एका दमात पिऊन टाकली. मला इतका आनंद झाला की मी भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही ते दाखवलं.

मॅडमना मी "दुरुस्त करून आणलीय" म्हणाले त्यानंतर पाच मिनिटंही गेली नसतील. हाड बसलं होतं, रक्त आणणारी शीर शिवून झाली होती. रक्त परत नेणाऱ्या शिरेचं टोक मॅडमनी चिमट्यानं उचललं, जवळचं रक्त ओढायला नळी नेली, आणि शिरेचं टोक नळीत गेलं. मॅडमचा हात जागच्या जागी थांबला. "सक्शन बंद," त्या म्हणाल्या. टेबलापासून लांब उभ्या असलेल्या, थिएटरात वरकाम करणाऱ्या शंकरमामांनी भिंतीवरची कळ फिरवली. शीर सुटली, पण तिचं टोक फाटलं होतं.

मॅडमनी फाटलेला भाग नीट बघून घेतला. मग शांतपणे म्हणाल्या की भिंतीवरचं प्रेशर आज वाढलेलं दिसतंय, ते निम्म्यावर आणा. शंकरमामांनी ते आणलं. मॅडमनी नळी पुसायला माझ्याकडे दिली.

मी ती ओल्या गॉजनं पुसली. मुठीवरून माझा अंगठा सरकला. एकदा, दोनदा. कुठंच अडकला नाही.

अण्णांनी भोक बुजवलं होतं. चांदीनं भरून, वर इतकं घासलं होतं की बोटाला कळू नये. मायक्रोस्कोपला डोळे लावलेल्या मॅडमनाही हातमोज्यातून ते कळलं नव्हतं. त्या भल्या माणसाला काय वाटलं असेल ते मला तिथंच उभ्या उभ्या कळलं. नळीला भोक म्हणजे गळती. जाता जाता तेही बुजवलं, पोरीच्या हॉस्पिटलचं काम आहे म्हणून. आणि दहा वर्षं ती नळी धुणारी मी, पाणी जोरात ओढते म्हणून नाचत होते. भोक बुजल्यावर ती जोरात ओढणारच होती.

आता माझ्या मनात काय आलं ते सांगते. ते सांगायचं नसेल तर ही गोष्ट लिहायला बसण्यात अर्थ नाही. मला वाटलं, गप्प बसावं. प्रेशर कमी केलंय, काम कसंबसं पुढं जाईल. मॅडमना प्रेशरचाच संशय आहे. केस संपली की नळी घरी न्यायची, दाभणानं भोक उघडायचं, कुणाला पत्ता लागायचा नाही. घड्याळात बघितलं असतं तर हे सगळं अर्ध्या मिनिटात झालं असेल. तेवढ्यात मी निम्मं खोटं जुळवूनही ठेवलं होतं.

मॅडमनी हात पुढं केला. "सक्शन."

मी नळी दिली नाही. म्हटलं, "मॅडम, हिचं भोक बुजलंय. मी बाहेर दुरुस्तीला दिली होती. तुम्हाला न विचारता."

त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा मायक्रोस्कोपवरून डोळे काढले आणि माझ्याकडे बघितलं. मी आधी सांगितलं तेच ते बघणं. मला वाटलं होतं त्याहून ते लवकर संपलं.

"मग आता?" त्यांनी विचारलं.

प्रेशर कमी ठेवलं तर नळीत रक्त गोठून ती चोंदणार, वाढवलं तर पुन्हा शीर ओढणार. हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. माझी नजर नळीला जोडलेल्या रबराच्या ट्यूबवर गेली. मी म्हटलं, "ट्यूबला माझ्या हाताशी एक भोक पाडते. त्यावर मी बोट धरीन. तुम्ही म्हणाल तेव्हा सोडीन, म्हणाल तेव्हा दाबीन."

"पाड," मॅडम म्हणाल्या.

मी ब्लेडनं ट्यूबला छोटीशी खाच दिली आणि तिच्यावर डाव्या हाताची तर्जनी ठेवली. उजव्या हातानं अवजारं द्यायची, डाव्या बोटानं सक्शन सांभाळायचं. मॅडम म्हणायच्या, "धर." मी दाबायची. "सोड." मी उचलायची. आधी माझं बोट मागे पडायचं, मग घाईनं पुढं पळायचं. एकदा त्या "सो" म्हणेपर्यंतच मी सोडलं. त्यानंतर हळूहळू त्या बोलायच्या बंद झाल्या. त्यांच्या मनगटाकडं बघून मला कळायला लागलं की नळी आता शिरेजवळ निघालीय.

फाटलेलं टोक कापून टाकल्यावर शीर आखूड पडली. मॅडमनी ताराक्कांच्या हातावरून दुसऱ्या शिरेचा बारीक तुकडा काढला आणि मधे सांधला. एका जोडाच्या जागी दोन जोड. माझ्या एका शहाणपणापायी अडीच तास जास्तीचे. तीनच्या सुमाराला माझ्या बोटाला बधिरपणा आला, मग कळा यायला लागल्या. शंकरमामांनी विचारलं, दुसऱ्या सिस्टरना हात धुऊन यायला सांगू का. मी काही बोलायच्या आधीच मॅडम म्हणाल्या, "नको. आता माणूस बदलायचा नाही."

साडेचारला त्यांनी शिरांना लावलेले चिमटे काढले. अंगठा मेणासारखा पांढरा होता. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत उभे राहिलो. मी आतल्या आत प्रार्थना करत होते, आणि त्या प्रार्थनेत देवाला काही काही कबूल करत होते. मग मुळाशी जरासा रंग चढला. तो वर सरकला, नखापर्यंत गेला. मॅडमनी नख दाबलं, पांढरं झालं, सोडलं, पुन्हा गुलाबी. कुणीतरी मोठा श्वास सोडला. बहुधा मीच.

हात धुताना मॅडमनी विचारलं, "दुरुस्ती कुणी केली?"

मी अण्णांचं नाव सांगितलं. म्हटलं, त्यांची चूक नाही, मीच सगळं नीट करा म्हणाले होते. त्यांनी लेटरपॅडचा कागद घेतला, त्यावर नळीचं चित्र काढलं, मुठीवर एक ठिपका दिला आणि खाली लिहिलं, 'हे भोक आवश्यक आहे. बाकीचं काम उत्तम.' कागद माझ्या हातात दिला आणि निघून गेल्या. मी घरी गेले. जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावलं. थिएटरला माझ्या जागी दुसरी सिस्टर येईल, म्हणाल्या. मी वॉर्डात ताराक्कांजवळ बसायचं. दिवसभर दर तासाला अंगठ्याचा रंग बघून लिहायचा. किती दिवस, असं मी विचारलं. "टिकतो की जातो ते कळेपर्यंत," त्या म्हणाल्या.

शिक्षा म्हणजे काय ते मला बरोबर कळलं. दहा वर्षं थिएटरमध्ये काढलेल्या सिस्टरला रंग बघायला बसवलं. वॉर्डातल्या मुलींनीही ते ओळखलं. त्या माझ्याशी फारच गोड बोलायला लागल्या.

पण खरी शिक्षा ती नव्हती. खरी शिक्षा ताराक्का होत्या. पहिल्या दिवशी मी पट्टी जराशी उघडून रंग बघितला, तर त्या म्हणाल्या, "लई उपकार झालं बघा सिस्टर तुमचं." मी वहीत लिहितेय असं दाखवून मान खाली घातली. तासाभरानं पुन्हा रंग बघितला. पुन्हा, "तुमचं उपकार कसं फेडू." आठ तासांत आठ वेळा. घरून जाऊ यायची, तिलाही त्या सांगायच्या, "ह्या सिस्टरांनी माझा अंगठा राखला." जाऊ माझ्या पाया पडायला निघाली, मी कपड्यांच्या कपाटात काहीतरी शोधायला पळाले. तिकडं घरी धाकटी म्हैस जावेला लाथ मारत होती आणि मोठीनं दूध कासेतच आखडून चोरायला सुरुवात केली होती. ताराक्का त्या म्हशींची चिंता करायच्या, आणि चिंता करून झाली की माझे आभार मानायच्या. या बाईला खरं कळलं तर ती माझं तोंड बघणार नाही, असा विचार करत मी रंग बघत राहायची.

तिसऱ्या दिवशी अकरा वाजता रंग जांभळट दिसला. मॅडम थिएटरमध्ये होत्या. फोनवरून त्यांनी एवढंच विचारलं, "पट्टी कशीय?" मी बोट लावून बघितलं. आतल्या थरातलं गॉज रक्तानं भिजून वाळलं होतं आणि अंगठ्याच्या मुळाशी कड्यासारखं आवळलं होतं. दहाला मी रंग बघितला होता, पण पट्टीत इतक्या खोल बोट घातलं नव्हतं. कात्रीनं ते एकेक धागा करत सोडवलं. वीस मिनिटं मी तशीच उभी होते. जांभळा रंग उतरला, गुलाबी आला. रात्रीपर्यंत कळलं नसतं तर अंगठा गेला असता. ताराक्का माझ्या तोंडाकडं बघत होत्या. त्या काही बोलायच्या आत मी त्यांना हातानंच थांबवलं.

सहाव्या दिवशी दुपारी मॅडम आल्या. त्यांनी सुईचं टोक लावून बघितलं, लालभडक थेंब आला. "टिकला," त्या म्हणाल्या. हलायला दोन महिने, धार काढायला चार-पाच, तोवर व्यायाम चुकवायचा नाही. मग पुढच्या खाटेकडं गेल्या.

वॉर्डात सामसूम झाली तेव्हा मी स्टूल ओढून ताराक्कांजवळ बसले. माझी ड्यूटी संपायला थोडा वेळ होता. म्हटलं, आज नाही तर कधीच नाही.

"ताराक्का, तुम्ही माझे उपकार मानू नका," मी म्हटलं. मग सगळं सांगितलं. नळी, हुपरी, अण्णा, वाटीतलं पाणी, फाटलेली शीर. मधेच मला गप्प बसावंसं वाटलं होतं, तेही सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि पट्टीतून दिसणाऱ्या अंगठ्याच्या टोकाकडं बघत होत्या.

"झालं सांगून?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"त्ये गप बसायचं मनात आलं हुतं, तेवढंच मला ठाऊक नव्हतं," त्या म्हणाल्या. "बाकीचं समदं डाक्टरीन बाईनी सांगितलंय. त्याच दिवशी, शुद्धीवर आलो तवाच. म्हनल्या, आमच्या नळीनं तुमची शीर फाटली, चूक आमची हाय. तक्रार करायची आसंल तर कागद देते."

मी विचारलं, "माझं नाव सांगितलं त्यांनी?"

"न्हाई. पर मी इचारलं, कुनी केलं म्हून. तवा सांगितलं. म्हनल्या, तिनं सोताच्या तोंडानं कबूल केलं, न्हाईतर मला कळलं नसतं. आनि मग तीन तास बोट दाबून हुबी ऱ्हायली." त्यांनी डावा हात पांघरुणाबाहेर काढला. "म्या म्हनलं, मग त्याच सिस्टरांना माझ्याजवळ ठिवा. येवढं चुकलेलं मानूस डोळ्यात तेल घालून बघंल. बाई नको म्हनत हुत्या. तिला थिएटरात काम हाय म्हनल्या. मी हटूनच बसलो."

म्हणजे ती शिक्षा नव्हती. मला तिथं मॅडमनी बसवलंच नव्हतं. जिचा अंगठा माझ्यामुळं जाणार होता, तिनं मला मागून घेतलं होतं. आणि दर तासाला मानलेले ते आभार, जे मला चटक्यासारखे लागायचे, ते सगळं माहीत असताना मानलेले होते.

"मग रोज उपकार उपकार करत होता ते?" मी कसंबसं विचारलं.

"खरंच मानत हुतो की," ताराक्का म्हणाल्या. "तिसऱ्या दिशी दुसरं कोन आसतं, तर जेवून येऊन बघितलं आसतं."

आता माझी पाळी होती. त्या दोन बायकांचे आभार कसे मानायचे ते मला तेव्हा कळलं नाही, अजून नीट कळलेलं नाही. मी त्यानंतर आणखी सव्वीस वर्षं त्या थिएटरात काम केलं आणि मॅडमना एकदाही धड 'थँक यू' म्हणू शकले नाही. त्या दिवशी तर मी तोंडावर हात धरून, भर वॉर्डात, स्टुलावर बसून रडायला लागले.

ताराक्कांनी थोडा वेळ मला रडू दिलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं आणि डाव्या हातानं माझा खांदा हलवला.

"सिस्टर, रडायचं आसंल तर रडा. पर आधी रंग बघा, तास भरलाय."

मी डोळे पुसले, हात धुऊन आले आणि पट्टी जराशी उघडली. रंग गुलाबी होता.